लिंडेगोर्डचं हिरवं अंगण

जुन्या काळाचं नाव निघालं की वाल्बोर्ग क्रूसच्या कपाळाला आठ्या पडत. आणि लोलंड बेटावरच्या तिच्या गावात जुना काळ दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी ठरवून निघे, गावच्या सभागृहात, कॉफी आणि क्रीमच्या केकसकट. घरोघरचे जुने फोटो पडद्यावर मोठे करून दाखवायचे, कोण कुठे उभं आहे ते ओळखायचं, नावं टिपून घ्यायची. याला इतिहास मंडळ म्हणत. खरं तर नावं थोडी आणि उसासे फार, असाच तो कारभार होता.

पडद्यावर कपडे धुणाऱ्या बायका आल्या की कुणीतरी म्हणे, "आहाहा, उन्हात वाळलेल्या त्या चादरींचा वास!" वाल्बोर्ग मागच्या रांगेतून म्हणे, "चादरींना यायचा बाई वास. धुणारीच्या बोटांना भेगा पडायच्या." बीट उपटणाऱ्या बायका दिसल्या की कुणाला त्यांची गाणी आठवत. "गाणी कसली? कंबर मोडल्यावर माणूस कण्हतं, त्याला तुम्ही चाल लावलीत." अशा वेळी पुढच्या रांगेतल्या पांढऱ्या माना एकदम ताठ होत. केक मात्र तिच्यापर्यंत फिरत येई. हे लोक रागावले तरी केक चुकवत नाहीत.

तिची मुलगी कोपनहेगनहून फोनवर विचारायची, "एवढा जीव जळतो तर जातेस कशाला?"

"थापा मारताना समोर कुणीतरी ऐकणारं हवं, म्हणून."

हे उत्तर अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं तिने मुलीलाही कधी सांगितलं नव्हतं. वाल्बोर्गकडे तिच्या आईचा एकही फोटो नव्हता. आई, आग्नेते, मोलकरीण होती, लिंडेगोर्ड नावाच्या मोठ्या शेतवाडीवर. बाप बीटच्या हंगामाला आला होता आणि हंगामाबरोबरच गेला. वाल्बोर्ग आजीकडे वाढली. आई दर दुसऱ्या रविवारी यायची, बशीभर पाव खायची आणि खुर्चीतच झोपून जायची. वाल्बोर्ग पंधरा वर्षांची असताना ती वारली. तिच्यासारख्यांचे फोटो काढतं कोण? आता वाल्बोर्ग स्वतः ऐंशीच्या घरात पोहोचली होती आणि आईचा चेहरा तिला नीट आठवेनासा झाला होता. म्हणून ती मंगळवारी जायची, मागे बसायची, टोमणे मारायची, आणि प्रत्येक फोटोच्या कडेकडेने पाहायची. मोलकरणी नेहमी कडेलाच उभ्या असतात.

मंडळाचे अध्यक्ष होते प्रेबेन लाउरित्सन. बँकेच्या गावातल्या शाखेचे साहेब म्हणून निवृत्त झालेले, आणि लिंडेगोर्डच्या मालकाचे एकुलते चिरंजीव. शेतवाडी विकून चाळीस वर्षं झाली तरी अध्यक्ष महाराज "आमच्याकडे" याच शब्दाने तोंड उघडत. आमच्याकडे घोडे असे होते, आमच्याकडे नाताळ तसा व्हायचा, आमच्याकडे नोकरमाणसं घरच्यासारखी. घरच्यासारखी म्हणजे घरच्यांच्या ताटात उरलेलं जेवणारी, असं वाल्बोर्ग एकदा म्हणाली होती. तेव्हा प्रेबेनने चष्मा पुसला आणि पुढचा फोटो लावला.

त्या वर्षी सभागृहाला शंभर वर्षं होत होती आणि मंडळ फोटोंचं पुस्तक काढणार होतं. मुखपृष्ठावर काय, यावर चर्चा व्हायचं कारणच नव्हतं. लिंडेगोर्डचा विमानातून काढलेला फोटो.

युद्धानंतरच्या उन्हाळ्यांत एक छोटं विमान गावोगाव शेतवाड्यांवरून अगदी कमी उंचीने उडत जाई आणि फोटो काढी. हिवाळ्यात विक्रेता दारी यायचा, हातात काळी-पांढरी छोटी प्रत घेऊन. घ्यायचा म्हटलं की कंपनीतल्या मुली त्यावर रंग भरून मोठा, काचेत बसवलेला फोटो पाठवत. बैठकीच्या खोलीत असा फोटो नसलेली शेतवाडी शोधून सापडली नसती. रंगवणाऱ्या मुलींनी शेतवाडी कधी डोळ्यांनी पाहिलेली नसे. त्या आपल्या मनानेच सगळं सुंदर करून टाकत. लिंडेगोर्डचं दार तपकिरी होतं, मुलींनी ते हिरवं केलं. तर प्रेबेनच्या बापाने काय करावं? पुढच्या उन्हाळ्यात रंगारी बोलावून खरं दारच हिरवं करून घेतलं. गावात ही गोष्ट अजून कौतुकाने सांगतात. फोटोला दार जुळत नाही म्हणून दार बदलणारी माणसं ही, त्यांच्याकडून खरा इतिहास ऐकायचा!

तर तो फोटो पडद्यावर आला. लाल छप्पर, हिरवं दार, दोरीवर पांढऱ्या चादरी, बाजूला गालिच्यासारखं मऊ हिरवं गवत, आणि अंगणाच्या मधोमध लाल एप्रनमधली एक बाई, हात वर केलेला.

"आमची आई," प्रेबेन म्हणाला. "विमानाला हात करतेय."

"ती माझी आई आहे," वाल्बोर्ग म्हणाली.

सभागृहात चमचे वाजायचे थांबले. या वेळी टोमणा नव्हता, ते सगळ्यांना कळलं.

"अगं वाल्बोर्ग..."

"अगंबिगं नको. माझ्या आईने मला सांगितलंय. विमान आलं तेव्हा मी हात केला, टाचा उंचावून केला म्हणाली. आणि म्हणाली, तुमच्या बैठकीतल्या त्या फोटोत मी आहे. तुझी आई कधी स्वतः चादरी वाळत घालायची रे? तिला दोरी कुठल्या बाजूला बांधलीय ते तरी माहीत होतं का?"

"लाल एप्रन आमच्या आईचाच होता. मला स्वच्छ आठवतंय."

"तुला दारही हिरवं आठवतं!"

कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच खोकलं. पण प्रेबेन बँकेत चाळीस वर्षं 'नाही' म्हणायला शिकलेला माणूस. तो गोड हसला, पुराव्याशिवाय मंडळाला नाव छापता येत नाही म्हणाला. पुरावा! त्याच्या आईच्या बाजूने कोणता पुरावा होता, तर तिचा मुलगा अध्यक्ष होता.

तोडगा काढला तो युटेने. युटे निवृत्त शिक्षिका, मंडळाचा कॉम्प्युटर तिच्या ताब्यात. ती म्हणाली, विमानातून काढलेले ते सगळे मूळ फोटो, रंग चढण्याच्या आधीचे, आता कोपनहेगनच्या ग्रंथालयाने इंटरनेटवर ठेवलेत. पुढच्या महिन्यात मूळ फोटो लावू, मोठा करून बघू, म्हणजे वाद मिटेल.

तो महिना वाल्बोर्गला फार लांबला. चेष्टा करायची तिची शक्तीच गेली. भांडी घासता घासता ती त्या लाल एप्रनचा विचार करी. दुसऱ्यांच्या रंगीत आठवणींवर आयुष्यभर थुंकलेली ही बाई, आणि स्वतः मात्र मनात आईला स्वच्छ एप्रन बांधून, पांढऱ्या चादरींसमोर उन्हात उभी करून बसली होती. हे तिला कळत होतं. कळूनही ती ते चित्र सोडायला तयार नव्हती. तिच्याजवळ तेवढंच होतं.

मंगळवारी सभागृह गच्च भरलं. एरवी न येणारेही आले; भांडण फुकट बघायला मिळतं तिथे लोलंडचा माणूस वेळेआधी हजर. रिवाजाप्रमाणे दोन गाणी म्हणून झाली, कॉफी फिरली, आणि युटेने फोटो लावला. करडा, धुरकट, पण अगदी रेखीव. तिने अंगणाचा मधला भाग मोठा केला. बाई मोठी झाली. रुंद खांदे, डोक्यावर फेटा बांधल्यासारखी वेणी, गळ्यात साखळी. हात वर होता, पण तो ऊन लागू नये म्हणून कपाळावर धरलेला. हात करणं वगैरे काही नाही. पायात चांगले बूट.

ती प्रेबेनचीच आई होती. म्हातारपणी तिला पाहिलेली दहा माणसं सभागृहात होती, आणि ती सगळी एकदम बोलायला लागली.

मोलकरणीच्या गळ्यात साखळी नसते, एवढं वाल्बोर्गलाही कळत होतं.

प्रेबेन मात्र सुटला. जिंकलेला माणूस उदार होतो आणि उदार माणूस फार बोलतो. तो उठून पडद्यापाशी गेला. "वाल्बोर्ग, मनाला लावून घेऊ नकोस. या फोटोची एक गंमत सांगतो. विक्रेता आला तेव्हा मी टेबलापाशीच होतो, आठ वर्षांचा. तो पेन्सिल घेऊन विचारायचा, काय ठेवू, काय काढू? बाबा म्हणाले, उकिरडा काढ. बैठकीच्या भिंतीवर शेणाचा ढीग नको मला, तिथे छान गवत रंगव. तर आई म्हणाली, अहो, पण त्या ढिगावर आग्नेते उभी आहे ना! आणि बाबा म्हणाले," इथे त्याने बापासारखा जाड आवाज काढला, "मग तिच्यावरही गवत घाल!"

सभागृह खदखदून हसलं. बाबा तसेच होते, मोठा विनोदी माणूस, असं पुढच्या रांगेत कुणीतरी म्हणालं. प्रेबेनही हसत होता, आणि हसता हसताच त्याला ऐकू आलं की आपण काय बोललो.

युटे हसली नव्हती. तिने फोटो हळूच डावीकडे सरकवला. रंगीत फोटोत जिथे ते मऊ हिरवं गवत होतं, तिथे उकिरडा होता, गोठ्याच्या भिंतीएवढा उंच. आणि त्याच्या माथ्यावर एक बारीक बाई, गुडघ्यापर्यंत बरबटलेली, एका हातात शेण उपसायचा काटा. दुसरा हात तिने विमानाकडे जेवढा जाईल तेवढा वर केला होता. तोंड उघडं होतं. ती हसत होती, किंवा ओरडत होती. सगळ्या अंगणात विमानाला हात करणारी तेवढी एकच होती.

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणतात. इथे सत्तर लागली.

वाल्बोर्ग उठली. तिला खुर्च्यांमधून पुढे यायला वेळ लागला; केक खाणंही थांबलं होतं. पडद्यापाशी येऊन ती त्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. आईचं कपाळ असं होतं तर. आणि दात पुढे होते, आपल्या मुलीसारखे. मग तिच्या लक्षात दुसरी गोष्ट आली. बैठकीतली काच दर शनिवारी आईच पुसायची. कुठल्या गवताखाली आपण आहोत हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि तरी ती घरी येऊन एवढंच म्हणाली, त्या फोटोत मी आहे. खोटं काही बोलली नव्हती ती. रडू आलं वाल्बोर्गला, आणि या लोकांसमोर आलं याचा रागही आला.

"वाल्बोर्ग," प्रेबेन घसा खाकरून म्हणाला, "मंडळातर्फे... म्हणजे हा मूळ फोटोही आपण पुस्तकात घेऊ. आत कुठेतरी. मुखपृष्ठावर उकिरडा काही बरा..."

"मुखपृष्ठ बदलू नकोस."

"नको?"

"अजिबात नको. लाल छप्पर राहू दे, हिरवं दार राहू दे, तुझी आई राहू दे. तुमच्याकडे जसं होतं तसंच दिसतंय ते. फक्त खाली छाप: अंगणात मालकीणबाई लाउरित्सन. डावीकडे, गवताखाली, आग्नेते."

कुणीतरी मतं घेऊया म्हणालं. इथे पाऊस पडायचा की नाही हेसुद्धा हात वर करून ठरवतात. पण युटेने त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो जुना विद्यार्थी निमूट खाली बसला. प्रेबेनने खिशातून पेन्सिल काढली. आता त्याच्या तोंडावर साहेबपणा उरला नव्हता. तो वाकून, टेबलावरच्या कागदी रुमालावर लिहायला लागला. मालकीणबाई लाउरित्सन, आईचं पूर्ण नाव, माहेरच्या आडनावासकट. मग, डावीकडे, गवताखाली, आग्नेते. आणि पेन्सिल थांबली.

वर न बघता तो म्हणाला, "आडनाव काय होतं गं तिचं?"

"नऊ वर्षं होती ती तुमच्याकडे," वाल्बोर्ग म्हणाली. "तुझी दुपटी धुतलीत तिने."

"हो."

"राउन. आग्नेते राउन."

त्याने लिहिलं.

"मोठं काढ," ती म्हणाली. "मागच्या रांगेतून दिसलं पाहिजे."