लोण्यावरची गाय

परक्यांच्या नाश्त्यासाठी एखाद्याची सुट्टी अडवता येते का? नव्वदच्या दशकात बहारीनमध्ये मी ती अडवलेली पाहिली आहे.

दामूकाका सावंतवाडीकडचे सुतार. मनामातल्या ज्या हॉटेलात मी टायपिस्ट होतो, तिथली दारं-खुर्च्या ते दुरुस्त करायचे. बड्या गोऱ्या शेफकडे त्याच्या आजीच्या शेतघरातले लाकडी ठसे होते. लोण्याच्या गोळ्यावर दाबले की गाय उमटायची. एसीच्या कोरड्या हवेत ते तडकले, तेव्हा काकांनी नवे कोरून दिले.

ठसा वापरण्याआधी बर्फाच्या पाण्यात बुडवायचा, हा त्यांचा दंडक. "लाकडाक आधी पाणी पाज. तहानलेला लाकूड लोणी सोडणा नाय." मी दिसलो की हसायचे, "काय रे पुढाऱ्या, आज कोणाचो निषेध?" माझ्या वडिलांनी युनियनची म्हणून वाटलेल्या पत्रकांवरच मी वाचायला शिकलो, हे त्यांना ठाऊक होतं.

एका उन्हाळ्यात गावाहून फोन आला. त्यांची बायको, आमची काकी, अंथरुणाला खिळली होती. काकांची सुट्टी मंजूर होती; पण शेफ अडून बसला. मेजवान्यांच्या दिवसांत ठसे तडकले तर?

"मगे मी आगाऊच करून ठेवतंय," काका म्हणाले. मनामातल्या गुदैबिया वस्तीतल्या कामगारांच्या खोलीत ड्युटीनंतर बसून त्यांनी टोपलीभर गायी कोरल्या. अंथरुणांत भुसा शिरला, तरी खोलीत कुणी कुरकुरलं नाही.

भिजवायचं कसं ते काकांनी सांगितलं, धुवायचं कसं ते राहून गेलं. भांडी घासणाऱ्यांनी सगळे ठसे यंत्रात, कढत पाण्यात घातले. बाहेर आले ते चिरफाळूनच. मॅनेजरनं सुट्टी पुढं ढकलली.

मी भडकलो. "काका, अर्ज लिहितो. सगळ्यांच्या सह्या घेतो!"

"आणि तुझो पासपोर्ट खयं असा रे?"

हॉटेलच्या ऑफिसातल्या लोखंडी कपाटात, मॅनेजरच्या कुलपाखाली. त्यांच्या पासपोर्टशेजारीच. ज्याच्याकडे सही मागायला गेलो, त्याचाही तिथंच होता. अर्जावर शेवटी माझी एकट्याची सही राहिली. मॅनेजरनं तो न वाचताच परत केला.

काका पुन्हा कोरायला बसले. निम्मे ठसे झाले आणि काकी गेली. मग मात्र पासपोर्ट तासाभरात हातात पडला. विमानतळावर माझं मनगट धरून त्यांनी विचारलं, "आता इतकी घाई कित्याक केल्यानी?"

ते परत आले नाहीत.

तुमच्या घरचं कुणी आखातात असेल, तर पुढच्या फोनवर आधी एवढंच विचारा : तुझा पासपोर्ट कुणाच्या ताब्यात आहे? आणि सरळ उत्तर मिळेपर्यंत फोन ठेवू नका.