फाटकावर ‘बाळूची आई’

चोपन्न सालच्या भोगीला, भर दुपारी, दापोडीतल्या एका कामगार बाईवर अन्याय झाला. तिचं नाव आम्हाला ठाऊक नव्हतं, आणि अन्याय तिथूनच सुरू झाला.

आजही रॉकेलचा वास आला की ती दुपार समोर येते. माझी आई कारखान्यात कामाला जाणाऱ्या बायकांची मुलं घरी सांभाळायची. त्यांतला रांगता बाळू पाणी समजून स्टोजवळच्या पेल्यातलं रॉकेल प्याला. “मी टांग्यानं दवाखान्यात नेते, तू त्याच्या आईला आण,” म्हणत आई निघाली. मी कारखान्याच्या फाटकाकडे धावले.

“बाळूच्या आईला बोलवा. पोरगं जातंय.”

“हितं समद्या कुणाच्या तरी आयाच हायेत, पोरी,” पहारेकरी म्हणाला. “नाव सांग.”

गल्लीत सगळे तिला बाळूची आईच म्हणत. मी गजांतून तेच ओरडत राहिले. आत यंत्रं धडधडत होती. भोंगा होऊन ती बाहेर आली, तोवर बाळू गेला होता.

तिचं नाव रखमा. ते मला बाळूला पोचवून आल्यावर कळलं. तेव्हा राग पहारेकऱ्याचा आला. आज येतो तो बाईचं नाव पुसणाऱ्या आपल्या रीतीचाही.

म्हणून आजच शेजारणीला तिचं नाव विचारा. आणि उद्या आपापल्या कारखान्याच्या फाटकावर ठणकावून सांगा: मूल जात असेल तर आधी सगळ्या आयांना बाहेर सोडा, नाव नंतर विचारा.