वहिनीची भरलेली टोपली

शर्टांच्या कारखान्यात कॉलरच्या रांगेवर अक्का मुकादमीण झाली, तेव्हा तिच्या वहिनीनं सगळ्यांदेखत कपाळावर हात मारून घेतला. "घरी नणंद आणि इथेही नणंदच! आता मी जायचं तरी कुठं?"

बायका हसून लोळायच्या बाकी राहिल्या. अक्काही हसली, पण बेतानंच. तिला या कारखान्यात हाताला धरून आणलं, मशीनवर बसवलं, पहिल्यांदा सुई बोटात शिरली तेव्हा फुंकर घातली, ती याच वहिनीनं. आता तिच्याच कामावर नजर ठेवायची म्हणजे पदाबरोबर फुकटात मिळालेलं दुखणंच.

अक्काच्या पोटात काही राहत नाही, अशी तिची ख्याती होती. ती साफ खोटी. रांगेतली एक रीत तिनं वर्षानुवर्षं पोटात ठेवली होती. प्रत्येकीच्या मशीनजवळ, जराशी पाठीमागं, एक टोपली असे. तयार कॉलर तीत टाकायची आणि सुट्टीच्या वेळी टोपल्या मोजणाऱ्याकडे द्यायच्या. एखादीचं पोर तापानं फणफणलेलं असलं, एखादीचं नवऱ्याशी वाजलेलं असलं, की तिचा हात मंदावायचा. मग शेजारीण मान वर न करता आपली एक कॉलर तिच्या टोपलीत सरकवायची. या बायका एकमेकींच्या सासवांपासून समोरच्या शिंप्याच्या लफड्यापर्यंत कशावरही तोंड चालवतील, पण यावर अवाक्षर नाही. बोललं की त्याचे उपकार होतात, म्हणून.

वहिनीची बोटं गेल्या थंडीपासून आखडायला लागली होती. कॉलर उलटवून तिचं टोक नीट बाहेर काढायचं, तर बोटांत जीव हवा. दोन्ही बाजूंच्या शेजारणी तिला सांभाळून घेत होत्या. अक्का ते बघत होती, म्हणजे बघत नव्हती. अक्काचा दादा पाठीच्या दुखण्यानं घरी बसलेला. ते घर वहिनीच्या या बोटांवर उभं होतं.

आणि अशात नवे साहेब आले.

जुने साहेब ओरडायचे. ओरडणाऱ्या माणसाचं एक बरं असतं, तो कुठं आहे ते कळतं. नवे साहेब मात्र मांजरीच्या पावलांनी येत आणि म्हणत, "व्वा! काय टाका आहे!" पाण्याचा पेला भरून दिला तरी व्वा. दोन दिवसांत बायकांनी त्यांचं नाव कौतुकराव ठेवलं.

"नवरा म्हणून यांना आठवडाभर घरी न्यायला हवं," वहिनीची डावीकडची शेजारीण म्हणाली. "आमच्याकडं भाजीला मीठ बरोबर पडलं तर कुणाच्या लक्षातसुद्धा येत नाही."

"नवरा म्हणून? अगं, मग घरातल्याचं काय करशील?"

"जाऊ दे गं, कौतुक झाल्याशी कारण!"

या कौतुकरावांनी दारात एक पाटी लावली. रोज कुणाच्या किती कॉलरी, ते सगळ्यांना दिसावं म्हणून. पहिलीच्या नावापुढे लाल चांदणी. आणि शेवटची? कौतुकराव गोड हसून म्हणाले, "महिनाअखेर जी शेवटी राहील, तिच्याबद्दल आपल्याला विचार करावा लागेल."

हे 'आपल्याला' म्हणजे कुणाला, ते कुणी विचारलं नाही. सगळ्यांच्या नजरा मात्र नकळत एकाच मशीनकडे गेल्या.

वहिनीची मशीन होती पाण्याच्या नळाच्या वाटेवर. त्या आठवड्यात रांगेला अशी काही तहान लागली की विचारू नका. जी ती उठायची, पाणी प्यायची, आणि परत येताना तिचा पदर वहिनीच्या टोपलीवरून जायचा. रीतच न बोलण्याची, त्यामुळे प्रत्येकीला वाटलं, हा शहाणपणा आपल्या एकटीलाच सुचला. अक्का बिघडलेल्या कॉलरी उसवून स्वतः दुरुस्त करी. त्यातली एक रोज तिनंही टाकली.

आठवडा सरला आणि लाल चांदणी वहिनीच्या नावापुढे लागली. दुसरी आलेली बाई पार खाली, कुठल्या कुठं.

अक्कानं पाटीवरचा आकडा दोनदा वाचला. पण वहिनीचं तोंड आनंदानं फुललं होतं. घरी जाताना ती म्हणाली, "तुझा दादा रोज रात्री तेल चोळतो ना बोटांना, ते लागू पडलं बघ. मी त्याला म्हणत होते, कशाला हात दुखवून घेता."



दुसऱ्या दिवशी कौतुकरावांनी अक्काला विचारलं, "या बाई पहिल्यापासूनच अशा आहेत का हो?" खरं सांगितलं तर वहिनी गेली. अक्का पटकन बोलून गेली, "पहिल्यापासून! मला त्यांनीच शिकवलं."

"व्वा! मग सगळ्यांनाच शिकवू दे. एकीला जमतं ते सगळ्यांना जमायला हवं. पुढच्या महिन्यापासून सगळ्यांना हाच आकडा."

रांगेत ही बातमी पोचली तेव्हा नळावर कुणी गेलं नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच कौतुकरावांनी मशीनी थांबवल्या आणि सगळ्यांना वहिनीभोवती उभं केलं. वहिनी नवी साडी नेसून आली होती. तिनं कॉलर घेतली, शिवली, उलटवली. टोकापाशी बोट अडलं. तिनं बोट चोळलं. परत लावलं. पुन्हा अडलं.

"घाई नको," कौतुकराव म्हणाले. "नेहमीसारखं करा."

"नेहमीसारखंच करतेय, साहेब."

कॉलरचं टोक निघालं, सुरेख निघालं. पण तोवर कुणी कुणाकडं बघेना. कौतुकरावांनी पाटीकडं पाहिलं, मग वहिनीच्या बोटांकडं. ते काही बोलायच्या आत अक्का म्हणाली, "साहेब, त्या टोपलीत माझी कॉलर होती. रोज."

"माझीपण," डावीकडची शेजारीण म्हणाली.

"अय्या, तूसुद्धा?" मागून कुणीतरी. "मला वाटलं, मीच!"

मग जिकडून तिकडून माझीपण, माझीपण. एकीला हसू फुटलं, दुसरीला लागलं, आणि सगळी रांग पोट धरून हसू लागली. खरं तर त्यांना सुटल्यासारखं झालं होतं. हसत नव्हती ती फक्त वहिनी. ती आपल्या मांडीवर ठेवलेल्या हातांकडं बघत होती.

"तुमची एकी छानच आहे," कौतुकराव म्हणाले. ते चिडलेसुद्धा नाहीत. "पण मग मला कळायचं कसं, कोण काय करतंय?" दुपारी टोपल्या गेल्या आणि झाकणाच्या पेट्या आल्या. प्रत्येक झाकणाला कुलूप, शिवणारीच्या समोर तेवढी एक फट, आणि किल्ल्या मुकादमिणीच्या, म्हणजे अक्काच्या, कमरेला. वहिनीला दोरे कापायच्या टेबलावर बसवलं. तिथं पगार कमी, आणि गप्पा मारायला शेजारीण नाही.

संध्याकाळी अक्का भिंतीपलीकडच्या दादाच्या घरी गेली. दादा भिंतीला पाठ लावून पडला होता. वहिनी तांदूळ निवडत होती. खडे काढतानाही बोटं अडखळत होती. अक्कानं कोनाड्यातली तेलाची बाटली घेतली आणि शेजारी बसली.

"राहू दे," वहिनी म्हणाली. "त्यात काही नसतं."

अक्का बाटली हातात धरून बसून राहिली. कमरेच्या किल्ल्या हललं की वाजत होत्या, म्हणून ती हलली नाही.

वहिनीनं विचारलं, "अक्का, त्या टोपलीत माझ्या स्वतःच्या किती होत्या गं?"

रांगेतल्या प्रत्येकीचा आकडा अक्काला तोंडपाठ असे. वहिनीचाही होता.

"होत्या की," ती म्हणाली. "बऱ्याच होत्या."

वहिनीनं तांदळातून मान वर काढली आणि नणंदेकडं नीट पाहिलं.

"झालीस हो," ती म्हणाली. "तूही कौतुकराव झालीस."