भरतीबरोबर चढणारी विहीर

निवृत्तीला काही वर्षं झाली, पण खाडीपलीकडच्या त्या वाडीत पहिल्यांदा गेलो तो दिवस मनातून जात नाही. बोरिवलीच्या जेट्टीवरून बोटीने पलीकडे उतरलं की सखल शेतं लागतात. तिथला एक म्हातारा शेतकरी सकाळी बांधावर फेरी मारायला गेला आणि परतला नाही, अशी त्याच्या बायकोची तक्रार होती. मिसिंग दाखल करून मी हवालदाराला घेऊन निघालो.

घरामागची वांग्याची रोपं उभ्याउभ्या करपली होती. मातीवर मिठाची पांढरी साय आलेली. भर सकाळी पाखराचाही आवाज नव्हता. विहिरीत डोकावलो, तर पायऱ्यांवर खाडीचे खेकडे बसले होते.

"आधी पाणी खारट झालं, मग हे गेले," बाई म्हणाल्या. "त्या पाण्यानंच नेलं त्यांना, साहेब."

हवालदाराने विहिरीकडे पाठ केली ती शेवटपर्यंत तशीच ठेवली.

शेजारी राहणारा पुतण्या शोधात सर्वांत पुढे होता. जबाबात म्हणाला, "विहीर नासली तेव्हापासून काका खचले होते. खाडीत उतरले असतील." घातपाताचा पुरावा नव्हता. बांधही शाबूत होता.

खबर मिळाली ती परतताना. बोटवाला सहज बोलला, "पुतण्याकडे मी पाण्याचे जार नेतो ना, साहेब. काकांची विहीर चांगली होती, तेव्हापासून."

दोन्ही घरं त्याच विहिरीचं पाणी प्यायची. मी पुतण्याला ठाण्यात बोलावलं, चहा दिला.

"जार कधीपासून घेतोस?"

"विहीर खारी झाली तेव्हापासून."

"बोटवाला म्हणतो, त्याआधीपासून."

"पाहुणे येणार होते."

"कोण?"

खोटं बोलणारा मोठ्या प्रश्नांची तयारी करून येतो, अडतो तो असल्या लहान प्रश्नाला. त्याने कप बाजूला सरकवला. म्हणाला, "काका सामाईक जमीन विकायला तयारच नव्हते."

मग सगळं बाहेर आलं. बांधात उघाडी असते. पावसाचं पाणी खाडीत सोडायचं आणि भरतीचं पाणी अडवायचं लाकडी दार. मोठ्या भरतीला तो ते उचलून ठेवायचा. शेत नासलं की काका विकतील, हा हिशेब. त्या सकाळी काकांनी त्याला तिथेच धरलं. झटापटीत ते दारातून वाहत्या पाण्यात पडले. हा बघत उभा राहिला.

ओहोटीला त्याने दाखवलेल्या तिवरांत, चिखलात, मृतदेह मिळाला. पंचनामा झाला, यथावकाश आरोपपत्र गेलं. उघाडी नवी बसवून बंद केली.

पुढे दोन पावसाळे गेल्यावर कोर्टाचं समन्स द्यायला मी स्वतः गेलो. आरोपी आत गेला की गुन्हा थांबला, असं नोकरीभर मानत आलो होतो. त्या दुपारी ते मानणं सुटलं. बाई विहिरीच्या काठावर बसल्या होत्या.

"बघा," त्या म्हणाल्या.

खाडीला भरती लागली होती. उघाडी बंद, बांध कोरडा. विहिरीतलं पाणी मात्र हलकेच एकेक पायरी चढत होतं.

"रोज येतं," बाई म्हणाल्या आणि पाय वर घेतले.