रिले माझ्या खिशात होता

या सदरात लिहिणारा प्रत्येक जण पहिल्याच ओळीत सांगतो, की त्याचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. ते वाचून मी दरवेळी हसत आलो. आता स्वतः लिहायला बसलो तर दुसरी ओळ सुचत नाही... माझा विश्वास नव्हता. आजही नाही. जे घडलं ते मात्र घडलं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही लाखनीला राहत होतो, हायवेपासून दोन गल्ल्या आत. घरामागे लगेच धानाच्या बांध्या सुरू होत. लाखनी तेव्हा तालुका नव्हता. मी रोज एसटीने साकोलीला एका सरकारी कचेरीत जात असे. माझं खरं काम फायली पुढे सरकवण्याचं, पण साहेबांची आणि पुढाऱ्यांची भाषणंही मीच लिहून देई. ‘विज्ञानयुगाची पहाट’ हे शब्द मी इतक्या उद्घाटनांत वापरले होते, की ती पहाट आमच्या भागात रोज दुपारी उगवत असे.

घरात आई, पत्नी कुसुम आणि मुलगी नंदा. नंदाला सातव्या वर्षी मधुमेह निघाला, लहान मुलांना होतो तो. रोज इन्सुलिनचं इंजेक्शन; नाही दिलं तर मूल टिकत नाही, इतकं साधं गणित. पहिल्या उन्हाळ्यात आम्ही बाटल्या ओल्या वाळूतल्या माठात ठेवल्या. इतरांचं त्यावर भागत असेल, पण त्या मे महिन्यात आमच्या माठातलं पाणीच कोमट लागे. औषधात गुठळ्या झाल्या, ते आम्हाला कळलं नाही, आणि नंदाला बेशुद्ध अवस्थेत भंडाऱ्याच्या दवाखान्यात न्यावं लागलं. तिथले डॉक्टर म्हणाले, “या वेळी वाचली. पुढच्या उन्हाळ्याआधी फ्रिजची सोय करा.”

फ्रिज मिळाला तो नाकाडोंगरीच्या बाजूला खाणीवरच्या एका साहेबांचा. त्यांची बदली झाली म्हणून विकला. गोल खांद्यांचा, साईच्या रंगाचा आणि बहुधा माझ्याइतक्याच वयाचा. घरी आला त्या दिवशी एका पुढाऱ्याने त्याचं रीतसर उद्घाटन केलं. होय, फ्रिजचं. फीत कापली, नारळ फोडला, आणि मीच लिहिलेलं भाषण मलाच ऐकवलं. नंदाने त्यांना आतल्या बाटल्या दाखवल्या तेव्हा ते म्हणाले, “अरे वा! सरबत?”

आईने मात्र त्याला मनापासून घरात घेतलं. दसऱ्याला विळा, कुऱ्हाड, सायकल, शिलाई मशीन यांच्या रांगेत फ्रिजचीही पूजा होऊ लागली. यंत्राचा जीव जिथे घरघरतो तिथे कुंकू लावायचं, म्हणून ती मागे वाकून बसे. तिथे कॉम्प्रेसरवर एक छोटी पितळी पाटी होती. पितळ दिसलं की आईच्या हाताला राहवत नसे. देव घासतात तशी ती पाटी ती चिंच आणि राखेने लख्ख घासायची. दर सणाला. आम्हीही कौतुकाने पाहायचो.

तिसऱ्या उन्हाळ्यात, मे महिन्यात, एका सकाळी फ्रिज बंद पडला. आतून ‘टक्’ असा आवाज येई, मग शांतता, मग पुन्हा ‘टक्’.

मी गुलाबभाऊला बोलावलं. तो लाउडस्पीकर भाड्याने देई, रेडिओ दुरुस्त करी, आणि दुकानावरच्या पाटीवर त्याने स्वतःच्या नावापुढे ‘इंजिनियर’ लिहून घेतलेलं होतं. त्याने मागची काळी डबी उपसून काढली, नाकाशी नेली.

“रिले गेला, बाबूजी. मोटारीले पयला धक्का देते न, तो हाच. याच्याबिगर मशीन हालत नाई.”

“मिळेल कुठे?”

“नागपूरले. पन कंपनी अन् मॉडेल नंबर सांगा लागन. ते मांगच्या पाटीवर रायते.”

आम्ही दोघं मागे वाकलो. पाटी आरशासारखी चमकत होती. तिच्यात मला माझा चेहरा दिसला. अक्षर एकही नव्हतं.

“हे कोनं केलं?” गुलाबभाऊने विचारलं.

“काळी पडली होती,” आई दारातून म्हणाली. “म्या साफ केली. काहून? काई बिघडलं का?”

तिच्यावर चिडण्यात अर्थ नव्हता. मी चिडलो. पण फ्रिजमध्ये चार बाटल्या होत्या आणि बाहेर सकाळीच झळा सुरू झाल्या होत्या.

बर्फ आणायला धावलो. लग्नसराई होती, भंडाऱ्याहून येणारा सगळा बर्फ मांडवांत जात होता. रसवंतीवाल्याने एक तुकडा दिला, तो थर्मासमध्ये बाटल्यांभोवती भरला. गावात दुसरा फ्रिज एका राइस मिलवाल्याकडे होता, आणि ते कुटुंब घराला कुलूप लावून रायपूरला लग्नाला गेलं होतं. बाटल्या सोबत न्याव्या तर एसटीच्या तापल्या पत्र्याखाली नागपूर येईतो त्यांचा काढा झाला असता.

गुलाबभाऊने मागच्या सुट्या तारांना काळी टेप गुंडाळली, प्लग काढला आणि वायर गुंडाळून भिंतीच्या खिळ्याला अडकवली. “कोनाले शॉक नोको लागाले.” जळका रिले मी रुमालात बांधून खिशात ठेवला आणि दुपारच्या गाडीत बसलो.

नागपूरला आधी औषधांची दुकानं पालथी घातली. नव्या बाटल्या मिळाल्या असत्या तर फ्रिज गेला चुलीत. पण इन्सुलिन नव्हतं. “माल आला नाही. पुढच्या आठवड्यात बघा,” हे वाक्य मी इतक्या काउंटरांवर ऐकलं, की शेवटी शेवटी समोरचा तोंड उघडण्याआधीच मला ते ऐकू येई. पुढचा आठवडा! थर्मासमधला बर्फ एव्हाना विरघळला असणार होता.

मग फ्रिजचं दुकान. टाय बांधलेले मालक, डोक्यावर गरगरता पंखा, भिंतीवर मंत्र्यांसोबतचा फोटो.

“मॉडेल नंबर?”

“पाटी पुसली गेली आहे.”

“कशाने?”

“...चिंचेने.”

त्यांनी चष्मा काढला. “फ्रिज वापरता की त्याचं लोणचं घालता?”

दुकानातले सगळे हसले. एरवी मलाही हसू आलं असतं. वाक्य चांगलं होतं. मी रुमाल सोडून रिले काउंटरवर ठेवला आणि म्हणालो, “मुलीचं इन्सुलिन आहे त्यात.” ते थोडे वरमले, पण नंबराशिवाय पार्ट देता येत नाही, चुकीचा लागला तर मोटार जळते, हे त्यांनी मला तीन भाषांत समजावलं. बरोबरच होतं त्यांचं. म्हणून जास्त राग आला.

रात्र एका मावसभावाकडे काढली. काय विचार केले ते लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी भंगार बाजारात जुन्या फ्रिजांच्या ढिगाऱ्यात फिरत राहिलो. प्रत्येक डबीची छिद्रं माझ्या डबीशी लावून पाहायची, नाही जुळली की पुढचा ढीग. बोटं कापली, काळी झाली. अखेर एक जुळली.

“लागला तं लागला,” दुकानदार म्हणाला. “गॅरंटी मांगू नोका.”

परतीच्या गाडीत एका खिशात जळका रिले, दुसऱ्यात नवा. मला कळत होतं की हे सगळं आता फुकट आहे. बर्फ आदल्या संध्याकाळीच संपला असणार, म्हणजे बाटल्या रात्रभर आणि दिवसभर माठात. गेलेलं औषध नवा रिले परत आणत नाही. उतरलो की नंदाला उचलायचं आणि सरळ नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं, त्यांच्याकडे तरी असेल, नसेल तर... यापुढे विचार जात नव्हता. गाडी लाखनीला थांबली.

नंदा दारात सागरगोटे खेळत होती. मला पाहून म्हणाली, “बाबा, हात काहून काळे?”

आतून कुसुम आली. “आले तुमी? उगाच गेले नागपूरले. गुलाबभाऊनं काल दिवे लागाच्या आधीच सुरू करून देल्ला वाटते. थर्मासातला बरफ सरला, म्हनून बाटल्या माठात ठेवाले गेली, तं घरघर आयकू आली. उघडून पायलं तं थंडागार.”

मग मलाही ऐकू आलं. बैठकीतून, नेहमीसारखं, किंचित खोकल्यासारखं घरघरणं.

मी खिशात हात घातला. रुमाल होता. रुमालात रिले होता.

फ्रिज उघडला. गार हवा पायांवर पडली. वरच्या कप्प्यात बर्फाचा पांढरा थर होता, चार बाटल्या खाली दाराच्या फळीत उभ्या होत्या. एक उचलून दंडाला लावली. गार. उजेडात धरली, गुठळी नव्हती. मी मागे गेलो, गुडघ्यांवर बसलो. वायर खिळ्याला गुंडाळलेली होती, गुलाबभाऊने अडकवली होती तशीच. सुट्या तारांवर काळी टेप तशीच. रिलेच्या जागी तीन उघड्या पितळी पिना. कॉम्प्रेसरवर तळवा टेकवला... तो उबदार होता, आणि थरथरत होता.

गुलाबभाऊला निरोप गेला. तो आला, मागे वाकला, आणि बराच वेळ सरळ झाला नाही.

“तू सुरू केलास?” मी विचारलं.

“म्या? म्या तं कालपासून वरातीत आहो, बाबूजी. आवाज बसला पाहा माहा.” मग हळूच, “करंट कुठून घेऊन राहिला हा?”

मी नवा रिले काढला. माझं डोकं तेव्हा फार स्वच्छ चालत होतं असं मला वाटलं. जे चाललंय ते चालू शकत नाही. जे चालू शकत नाही त्यावर मुलीचा जीव ठेवता येत नाही. योग्य पार्ट हातात आहे. तो बसवायचा, प्लग लावायचा. गुलाबभाऊच्या हातातून पेचकस घेतला आणि रिले धरणाऱ्या पट्टीच्या स्क्रूवर टेकवला.

कुसुमने माझं मनगट धरलं.

“काहून हात लावता? चालून राहिला न तो?”

“कुसुम, हे शक्य नाही.”

“नसन. पोरीची दवाई थंडी हाय.”

“उद्या बंद पडला तर?”

“तं उद्या लावा.”

मी पेचकस खाली ठेवला.

आई कुंकवाचा करंडा घेऊन येईल असं मला वाटलं होतं. ती नुसती दाराशी उभी होती. म्हणाली, “त्याले आता काई लावू नोको. कामात हाय तो.”

आणि म्हणून आमच्या घरी देऊळ झालं नाही. गल्लीत सांगितलं, नागपूरहून पार्ट आणला, गुलाबभाऊने बसवला. गुलाबभाऊने ते श्रेय घेतलं, पण त्यानंतर तो बैठकीत बसायचा ते दाराजवळच्या खुर्चीवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परीक्षानळी घेतली. साखर तपासायची तेव्हाची पद्धत अशी, की निळ्या द्रावणात लघवीचे थेंब टाकून नळी दिव्यावर उकळायची. निळं राहिलं तर ठीक. हिरवं, पिवळं होत विटकरी झालं, तर औषध लागू पडत नाही. कुसुमने नळी चिमट्यात धरून दिव्यावर नेली. द्रव उकळला. हिरवट झाला... आणि तिथेच थांबला. पुढच्या सकाळी निळा. त्यापुढच्याही.

सगळा मे तो फ्रिज तसाच चालला. गावाची वीज जाई, पंखे थांबत, आणि त्या शांततेत तेवढा एक आवाज येत राही. मी दिवसातून किती वेळा खिळ्यावरची वायर पाहून येत असे, ते विचारू नका. भीती भुताची नव्हती. थांबण्याची होती.

नव्या बाटल्या मिळाल्या, पाऊस आला, हवा निवली. धानाच्या रोवणीच्या दिवसांत एका सकाळी आवाज नव्हता. तेव्हा कुठे आम्ही नवा रिले बसवला आणि प्लग लावला. काही झालं नाही. ‘टक्’सुद्धा नाही. भंडाऱ्याहून फ्रिजचा कारागीर आला, त्याने कॉम्प्रेसर कापून आत पाहिलं आणि मलाच झापलं.

“आतलं वाइंडिंग जळून पार कोळसा झालं. मोटारही जाम. हे आजचं काम नाई, लय महिन्यांचं हाय. एवढे दिवस ठेवला कायले घरात?”

मी म्हणालो, “असाच.”

विजेच्या खात्यातल्या एका इंजिनियर मित्राला मी हे पुढे सांगितलं. त्याने आधी माझ्या झोपेची चौकशी केली, मग कुसुमच्या. गुलाबभाऊ आजही शपथेवर सांगतो की पिना उघड्या होत्या. नंदा आता स्वतः आई आहे. अजून रोज इंजेक्शन घेते. तिला त्या उन्हाळ्यातलं एवढंच आठवतं, की बाबा गार बाटली आधी आपल्या दंडाला लावून पाहायचे, आणि मग बराच वेळ तशीच धरून ठेवायचे.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. कोणी देऊ केलं तर ऐकेन. पण खरं सांगायचं तर फ्रिज कसा चालला, हा प्रश्न मला तितका छळत नाही. पेचकस स्क्रूवर टेकला होता, मनगट वळायला लागलं होतं, आणि मी बरोबर आहे याबद्दल मला काडीचीही शंका नव्हती. कुसुम त्या क्षणी स्वयंपाकघरात असती तर... इथवर येतो, आणि उठून नंदाला फोन लावतो.