दोघींची बेरीज

माझी मुलगी पडद्यावर बोट टेकवून कंस मोजत होती. लिस्प भाषेतला तिचा पहिलाच प्रोग्राम. तिला पाहता पाहता मला माझी मैत्रीण सुनंदा आठवली.

कॉलेजात आम्हा दोघींत मिळून एक संगणक होता. मी लिस्पमध्ये टाइप करायचे, त्यात प्रत्येक सूचना कंसात लिहावी लागते; ती शेजारी बसून कंस मोजायची.

"अगं, एक कंस बंद करायचा राहिलाय," ती म्हणायची, आणि तिचंच बरोबर निघायचं.

तीन आणि दोनची बेरीज करायला आम्हाला अख्खी दुपार लागली. पडद्यावर पाच उमटले, तेव्हा आम्ही अक्षरशः नाचलो. यंत्रानं आमचं ऐकलं होतं!

पुढच्याच सत्रात तिचं लग्न झालं आणि शिक्षण सुटलं. मी पाठवलेल्या पत्रांना उत्तर आलं नाही. नंतर नोकरीसाठी मी जावा शिकले, पायथन शिकले. प्रत्येक भाषेत आधी बेरीजच करून पाहिली. ती चटकन जमायची, आणि मी पुढच्या धड्याकडे वळायचे.

"आई, तुला लिस्प येते?" मुलीनं विचारलं.

"यायची," मी म्हटलं. "आम्हा दोघींना मिळून."