बोरीच्या शेतातला तिसरा मजला

वीस वर्षांपूर्वी बाळकुममधला फ्लॅट मी नाकारला, कारण बघायला गेलो तेव्हा बिल्डिंगच्या दारात म्हैस बसली होती. सोबत आलेला माझा मित्र श्रीधर म्हशीला वळसा घालून आत गेला, घर पाहिलं आणि घेऊन मोकळा झाला. मी डोंबिवलीत घेतलं. तेव्हापासून बाळकुम किती वाईट, हे मी बायकोला ऐकवत आलोय: डास, खाडीचा वास, जायला दोन तास.

आता श्रीधरच्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावरचं घर विकायला निघालं. "बघून तर या," सुमन म्हणाली. निघतानाच मी ठरवलं, एक तरी खोड घेऊनच परतायचं. नाही सापडली, तर वीस वर्षांची भाषणं पाण्यात.

पहिला दगा रस्त्याने दिला. मोठागावचा नवा पूल ओलांडून माणकोली, तिथून हायवेने माजिवडा, की आलंच बाळकुम. स्कूटरवर पाऊण तास. नाक्यावर मुद्दाम दोन चहा घेतले, तरी हिशेब दोन तासांवर जाईना.

पण वीस वर्षांत मी इकडे फिरकलो नव्हतो, नव्या टॉवरांच्या गर्दीत श्रीधरची बिल्डिंग सापडेना. मी खूश. देवळापाशी सुकी मासळी घेऊन एक बाई बसल्या होत्या, त्यांना बिल्डिंगचं नाव सांगितलं.

"नाव नाय म्हाईत. शेत कोनचा?"

"शेत नाही हो, टॉवर."

"टावर काय हवेत बांदलाय? शेत कोनचा ते सांग."

श्रीधरला फोन केला. "त्या हिराबाई. त्यांना सांग, बोरीचं शेत." सांगितलं. बाईंनी बसल्या जागेवरून हात केला, "तिकरं (तिकडे), पिवल्या गेटात."

श्रीधरने बाळकुमचा इतिहास पोह्यांबरोबर वाढला. इथे सगळी भातशेती, खाडीच्या अंगाला खाजणं (भरतीचं पाणी शिरणारी जमीन). शेतं गेली, नावं राहिली. गावदेवीची पालखी निघाली की प्रत्येक गेटापाशी थांबते आणि पुकारा होतो तो शेताच्या नावाने: बोरीवाले, या. मग श्रीधर जाऊन खांदा देतो. त्याने फोटोच दाखवला. नौपाड्यासारख्या पांढरपेशा वस्तीत वाढलेला, बँकेत जन्म काढलेला, मासळी बाजारात नाकाला रुमाल लावणारा हा माणूस फेटा बांधून पालखीखाली उभा. गावातल्या हळदीलाही त्याला घरच्यासारखं बोलावणं असतं. डोंबिवलीत माझे समोरचे शेजारी अजून मला कुरिअरवाला समजून जाळीतूनच बोलतात. खरं सांगतो, त्याच्या घरावर मी इतका जळलो नाही, जितका त्या फेट्यावर जळलो.

श्रीधरने किल्ली घेतली, मी त्याच्यामागून तिसऱ्या मजल्यावर गेलो ते दात-ओठ खातच. भिंती ठोकल्या. दारं आपटून पाहिली. पाणी कमी असणार म्हणून न्हाणीघरातला नळ पूर्ण फिरवला, तो शॉवरचा निघाला. पाणी भरपूर होतं, हे मला डोक्यापासून कळलं. मग श्रीधरचा शर्ट घालून खिडकीत उभा राहिलो. ओहोटी लागली की खाडीचा वास येईल, अशी माझी शेवटची आशा. अर्धा तास नाक लांब करून उभा होतो. आला तो गार वारा.

एवढ्यात हिराबाई श्रीधरकडे बोंबील द्यायला आल्या आणि या घराचं दार उघडं बघून आत डोकावल्या.

"आमचे सासऱ्याचा शेत ह्यो," त्या म्हणाल्या. "हितंच भात झोरायचो (झोडायचो)."

"तिसऱ्या मजल्यावर?" मी कुत्सितपणे विचारलं.

"खाली रं. पन वारा ह्योच." मग माझ्याकडे बघत श्रीधरला म्हणाल्या, "ह्यो तुजा दोस्त कदीपासून हुंगतंय काय?"

श्रीधर हसला. मीही हसलो, पण माझ्याजवळ आता एकही खोड उरली नव्हती. हिराबाईंनी टोपलीतले चार बोंबील कागदात बांधून माझ्याही हातात ठेवले. नको म्हणायचीही सोय राहिली नाही.

परतीच्या वाटेवर पुलावर स्कूटर थांबवली. खाली खाडी, पलीकडे आमची डोंबिवली, घराला घर चिकटलेली. वीस वर्षं मी जे नाकारत होतो, ते बाळकुम नव्हतंच. श्रीधरला माझ्याआधी काही कळलं, हे मला मान्य नव्हतं. आता ते बायकोसमोर उघड म्हणायचं, आणि तेही नीट, असं ठरवून वाक्य जुळवत घरी आलो.

"सुमन, घर चांगलं आहे," मी घसा साफ करून म्हटलं. "माझं चुकलं होतं. माझ्या मते आपण ते घ्यावं."

सुमनने बोंबील हुंगून डब्यात भरले आणि झाकण लावलं.

"मी गेल्या महिन्यातच बघून आलेय, आज सकाळी श्रीधरभावोजींना होसुद्धा कळवलंय," ती म्हणाली. "तुमचं मत वीस वर्षांपूर्वी विचारून झालंय."